दोन पगारांचा मधुचंद्र : भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने

मधुचंद्राला कुठे निघालात, असे शेजारच्या आत्यांनी विचारले तेव्हा आम्ही ‘इटलीला’ म्हणून सांगितले. त्यांना ऐकू आले ‘इगतपुरीला’. ‘अगं, लग्न झाल्या झाल्या विपश्यना? तिथे दहा दिवस बोलायचे नसते, बाया एकीकडे आणि बाप्ये दुसरीकडे!’ आत्या खरोखरच काळजीत पडल्या. नीट समजावून सांगितल्यावर त्यांची काळजी कमी झाली नाही, उलट वाढली.

वाचक बंधू-भगिनींनो, त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. आम्हा उभयतांपैकी एक अंबरनाथच्या कारखान्यात फिटर, दुसरी खासगी रुग्णालयात परिचारिका. कल्याणला चाळीत दीड खोली आणि माणसे पाच. ज्यांचा संसार अशा घरात सुरू झाला त्यांना जास्त सांगायला नको. नव्या नवरा-बायकोला दोन शब्द मोकळेपणी बोलायचे तर गच्चीवर जावे लागते आणि गच्चीवर पापडांची राखण करायला कोणीतरी बसलेले असतेच. आम्हाला काय हवे होते? दहा दिवस, एक दार आणि त्या दाराला आतून कडी. हे लोणावळ्यालाही मिळाले असते, हे कबूल. पण रुग्णालयात औषध कंपनीचे एक कॅलेंडर लटकत होते. त्यावर कड्याच्या टोकाला लाल-पिवळ्या-गुलाबी रंगाची घरे आणि खाली निळे पाणी. चित्राखाली नाव होते, मानारोला, इटली. रात्रपाळीला ते चित्र पाहून पाहून ते गाव आपल्याच ओळखीचे वाटू लागले होते.

घरी बोललो तेव्हा फिटरचे वडील एवढेच म्हणाले, ‘एवढ्या पैशात गावच्या घरावर स्लॅब पडला असता.’ ते रागावले नव्हते. त्यांनी सरळ हिशेब मांडला होता आणि तो हिशेब बरोबर होता. म्हणून आम्ही ठरवले की या प्रवासासाठी कर्ज काढायचे नाही, घरात द्यायचे पैसे एक महिनाही चुकवायचे नाहीत आणि जमलेले आहेराचे पाकीट घरखर्चाला ठेवायचे. प्रवासाचा पैसा आमच्या दोन पगारांतून, ओव्हरटाइममधून आणि भिशीतून. लग्नाआधी दीड वर्ष आम्ही दोघांनी मिळून ही बचत केली. एकमेकांच्या खर्चाच्या सवयी तेव्हाच कळल्या, काही कडूही कळल्या.

आमचा मंगल परिणय २६ जानेवारी २०२५ ला झाला. रविवार होता आणि सुट्टीही होती. आपल्याकडे मुहूर्त काढायचा नसतो, याचा प्रवासालाही मोठा फायदा आहे. तारीख आपल्या हातात असते, त्यामुळे विमानाचे भाडे आणि तिकडचा मोसम पाहून लग्न आणि प्रवास बसवता येतो.

आता आमची पहिली चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाची होणार नाही. युरोपातल्या २९ देशांचा मिळून एकच व्हिसा असतो, त्याला शेंगेन व्हिसा म्हणतात. आम्ही मे महिन्यात जायचे म्हणून फेब्रुवारीत अर्ज केला. स्टेशनजवळचा एक एजंट म्हणाला, ‘खात्यात चांगला बॅलन्स दिसला पाहिजे. आठवडाभर कोणाकडून दोन लाख घ्या, स्टेटमेंट काढा आणि परत करा.’ मामांनी आणि भाऊजींनी विश्वासाने पैसे दिले. आम्ही तसेच केले. मार्चमध्ये पासपोर्ट परत आले, सोबत छापील कागद. त्यावर नकाराची कारणे छापलेली असतात आणि लागू असलेल्या चौकोनात खूण केलेली असते. आमची खूण होती राहण्या-खाण्याच्या पैशांचा पुरेसा पुरावा नाही, या कारणावर. अर्ज तपासणारा माणूस खात्यात किती आहे एवढेच पाहत नाही, ते कसे आले तेही पाहतो. दर महिन्याला बारा-पंधरा हजार शिल्लक राहणाऱ्या खात्यात एका दिवशी दोन लाख आले तर त्याला शंका येणारच. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. ११ जून २०२४ पासून ती मोठ्या माणसाला ९० युरो आहे. केंद्राचे सेवाशुल्क आणि विमा धरून आमचे बावीस-तेवीस हजार गेले. त्या रात्री आम्ही दोघे गच्चीवर गेलो आणि काही बोललो नाही. पापड राखायला बसलेल्या काकूही उठून गेल्या, एवढे आमचे चेहरे पडले होते.

दुसऱ्या वेळी एजंट नाही, उसना पैसा नाही. भिशीचे पैसे, ओव्हरटाइम, सगळे त्याच खात्यात येऊ दिले. जुलैमध्ये अर्ज केला. ज्यांचा पगार रोखीने होतो अशा बांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. पगार बँकेत जमा करून घ्या, पगारपत्रक मागा आणि कर बसत नसला तरी आयकराचे विवरणपत्र भरत जा. हे कागद फक्त व्हिसाला नव्हे, घरकर्जालाही लागतात. कारखान्याच्या मालकांनी आयुष्यात कोणाला परदेशी जाण्यासाठी रजेचे पत्र दिले नव्हते. मजकूर आम्हीच लिहून नेला. अमुक माणूस अमुक वर्षांपासून कामाला आहे, त्याची रजा मंजूर आहे, अमुक तारखेला तो कामावर हजर होईल. मालकांनी सही केली आणि म्हणाले, ‘येताना चॉकलेट आण.’

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. आम्ही म्हणू, दोन महिने हातात ठेवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. आम्ही उतरणार होतो फ्रान्समध्ये, पण तीन रात्री तिथे आणि सहा इटलीत, म्हणून अर्ज इटलीकडे. हे न कळल्याने पुष्कळ अर्ज अडतात. आणि नव्या नवऱ्या मुलींनो, पासपोर्टवर माहेरचे नाव असेल तर तिकीट, विमा, हॉटेल सगळे त्याच नावाने काढा. लग्नानंतर पासपोर्टावरचे नाव बदललेच पाहिजे असे काही नाही. लग्नाची नोंदणी करून दाखला मात्र लगेच घ्या. पत्रिका आणि फोटो कोणी पुरावा धरत नाही.

मार्ग ठरवताना आम्ही एक नियम केला की एकच किनारा आणि एकच रेल्वे. भूमध्य समुद्राचा काठ फार मोठा आहे. स्पेन, फ्रान्स, इटली, ग्रीस, पलीकडे तुर्कस्तान आणि उत्तर आफ्रिका. सहलीच्या जाहिरातींत दहा दिवसांत पाच देश असतात, त्यात माणूस बसमध्येच झोपतो. आम्ही फ्रान्सच्या नीस शहरापासून इटलीच्या जिनोव्हामार्गे चिंकवे तेर्रे या पाच गावांपर्यंतचा पट्टा निवडला. या पट्ट्यात रेल्वे बऱ्याच ठिकाणी समुद्राला चिकटून जाते. जाताना विमान नीसला, येताना मिलानहून. मुंबईहून नीसला थेट विमान नाही, मध्ये एकदा बदलावे लागते. मोसम म्हणाल तर मे-जून किंवा सप्टेंबर. ऑगस्टमध्ये सारा इटली देश स्वतःच सुट्टीवर असतो, भाडी चढलेली आणि पाय ठेवायला जागा नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे पाऊस झोडपतो. २५ ऑक्टोबर २०११ ला याच पाच गावांपैकी वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो ही दोन गावे पुराच्या चिखलात बुडाली होती. आम्ही सप्टेंबर धरला. पाणी उन्हाळाभर तापलेले असते, त्यामुळे पोहायला ऊबदार लागते.

नीसला विमानतळावरून ट्राम थेट शहरात जाते, टॅक्सीची गरज नाही. समुद्रालगतचा रस्ता सुमारे सात किलोमीटर आहे. एकोणिसाव्या शतकात थंडी टाळायला येणाऱ्या इंग्रजांनी तो बांधायला सुरुवात केली, म्हणून आजही त्याचे नाव ‘इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता’ असेच आहे. किनाऱ्यावर वाळू नाही, सगळे गोल गोटे. चप्पल घालूनच पाण्यापर्यंत जावे. एका गोष्टीचा आम्हाला पहिल्या दिवशी उलगडा होईना. सकाळी पाणी जिथे होते तिथेच दुपारी आणि संध्याकाळी. ओहोटी कधी लागते? मग कळले की भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त असल्याने तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. मुंबईत पाच मीटरपर्यंत चढणारे पाणी पाहिलेल्या माणसाला तो समुद्र तलावासारखा वाटतो.

तिथल्या जुन्या बाजारात ‘सोक्का’ मिळतो. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल एवढेच साहित्य. मोठ्या गोल तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड. म्हणजे आपले बेसनाचे धिरडेच की! परक्या देशात तिसऱ्या दिवशी बेसन भेटल्यावर आम्हाला जो आनंद झाला तो आयफेल टॉवर पाहूनही झाला नसता. पुढे जिनोव्हात हाच पदार्थ ‘फारिनाता’ या नावाने भेटला. स्वस्त, पोटभरीचा आणि मांसाहार न करणाऱ्यांनाही चालणारा.

नीसहून इटलीच्या हद्दीवरच्या व्हेंतिमिल्याला गाडी तासाभरात पोचते. उजव्या हाताची खिडकी पकडा, समुद्र त्या बाजूला. वाटेत मोनाको हा दोन चौरस किलोमीटरचा देश लागतो, त्याचे स्टेशन भुयारात आहे. तिथे उतरून श्रीमंतांच्या गाड्या आणि बोटी फुकट पाहता येतात. आम्ही दीड तासात परत फिरलो, भपका पाहायलाही मर्यादा असते.

व्हेंतिमिल्याला गाडी बदलावी लागते. स्टेशनाबाहेर आफ्रिकेतून आलेली काही तरुण मुले पिशव्यांना टेकून बसली होती. फ्रान्सची हद्द ओलांडू पाहणारी अशी माणसे तिथे कित्येक वर्षांपासून येतात. फ्रान्सकडे जाणाऱ्या गाडीत पोलीस तपासणी करतात आणि त्यांना उतरवतात. मधुचंद्राच्या लेखात हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण आम्ही ते पाहिले. ज्या समुद्रावर आम्ही फोटो काढायला आलो होतो तोच जीव धोक्यात घालून ओलांडून ती आली असणार. मार्चमधल्या नकाराच्या कागदाचे आम्हाला केवढे दुःख झाले होते, ते तेव्हा आठवले.

जिनोव्हा हे बंदराचे, कामगारांचे शहर. जुन्या भागात गल्ल्या अशा की दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागावेत. वर दोरीवर वाळत घातलेले कपडे. आमची चाळ आठवली. बंदराचा दीपस्तंभ ७७ मीटर उंच असून १५४३ सालापासून उभा आहे. डोंगरउतारावरच्या या शहरात वरच्या वस्तीला जायला सार्वजनिक लिफ्ट आहेत, त्यांतल्या कास्तेल्लेत्तोच्या लिफ्टने वर जाऊन संध्याकाळी आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. खोलीच्या मालकीणबाईंनी पासपोर्ट पाहून नाव उतरवून घेतले होते आणि किल्ली हातात ठेवली होती. आडनाव वाचून पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. भाड्याच्या खोलीसाठी वणवण केलेल्या वाचकांना याचे जास्त स्पष्टीकरण नको.

जिनोव्हातून निघण्याच्या दिवशी रेल्वेचा संप. इटलीत असे संप वरचेवर होतात आणि आधी जाहीरही होतात, आम्ही पाहिले नव्हते एवढेच. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या सोडाव्या लागतात, असा तिथे नियम आहे. हे आम्हाला साडेनऊला कळले! एक रात्र वाया गेली, पुढच्या खोलीचे एका रात्रीचे भाडे बुडाले. पण रागावता येईना. आमच्यातल्या एकीचे आजोबा गिरणी कामगार. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने घराचे काय झाले ते त्या घरात अजून बोलले जाते. स्टेशनाच्या पायऱ्यांवर फोकाच्या नावाचा तेलात भिजलेला पाव खात आम्ही मोर्चा जाताना पाहिला. तो दिवस बेतात नव्हता आणि सगळ्यात जास्त बोलणे त्याच दिवशी झाले. पुढे मूल कधी, नोकरी कोणाची सोडायची नाही, आईवडिलांचे औषधपाणी, गावचा स्लॅब. कल्याणच्या गच्चीवर जे आठ महिन्यांत बोलायचे राहिले होते ते.

चिंकवे तेर्रे म्हणजे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे ही पाच गावे. १९९७ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले. गावांतल्या खोल्या महाग, म्हणून आम्ही शेजारच्या लेवांतोला राहिलो. मोंतेरोस्सो रेल्वेने अगदी जवळ आणि दिवसाच्या एका पासावर लेवांतो ते ला स्पेत्सियापर्यंत हव्या तेवढ्या फेऱ्या मारता येतात. रेल्वेचे छापील तिकीट मात्र गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. मोंतेरोस्सोला खारवलेले बारके मासे प्रसिद्ध आहेत. ते आपल्या मांदेलीच्याच कुळातले, तोंडाला लगेच ओळख पटते. कोर्निल्या समुद्रापासून वर कड्यावर आहे, स्टेशनापासून पावणेचारशेच्या वर पायऱ्या. लेवांतोहून बोनास्सोलाला जुन्या रेल्वेच्या बोगद्यांतून चालण्या-सायकलीचा रस्ता केला आहे. त्याला तिकीट नाही आणि बोगद्यात गारवा. हातात हात घालून आम्ही प्रथम उघड्यावर चाललो ते तिथे. कोणी मागे वळून पाहिले नाही.

रियोमाज्जोरे ते मानारोला या वाटेचे नाव आहे ‘प्रेमाची वाट’. नाव ऐकून आम्हाला वाटले, कोणा राजाने राणीसाठी बांधली असेल. तसे नाही. १८७४ मध्ये या किनाऱ्यावर रेल्वे आली. पुढे विसाव्या शतकात बोगद्यांचे काम निघाले तेव्हा कामगारांच्या गरजेसाठी कड्यात जी वाट खोदली गेली तीच ही. त्याआधी या दोन गावांना जोडणारी डोंगरावरून चढ-उताराची पायवाट होती. नवी वाट सपाट झाली, दोन्ही गावांची तरुण मुले-मुली तिथे भेटू लागली आणि नाव पडले, असे तिथे सांगतात. २०१२ मध्ये दरड कोसळून चार पर्यटक बाया जखमी झाल्या आणि वाट बंद झाली, ती २०२४ च्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. आता तिला वेगळे तिकीट आहे आणि वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. लांबी किलोमीटरभरही नाही. आम्ही मुद्दाम सावकाश चाललो, तरी अर्ध्या तासात संपली. शेवटच्या वळणावरून कॅलेंडरातले मानारोला दिसले. परिचारिकाबाई तिथे रडल्या, हे छापू नका असे त्यांचे म्हणणे होते.

खर्च विचाराल, तर नकाराचे पैसे सोडून दोघांचा मिळून पावणेतीन लाखांच्या आत बसला. विमान एक लाख बारा हजार, व्हिसा आणि विमा तेवीस हजार, खोल्या साधारण ७० ते ८५ युरो रात्र, उरलेले जेवण, रेल्वे आणि तिकिटे. हिशेबाला एक युरो शंभर रुपये धरा, वर थोडा. हॉटेलात माणशी रात्रीचा शहरकर वेगळा द्यावा लागतो. इटलीत जेवायला बसले की ‘कोपेर्तो’ म्हणून बैठकीचे पैसे लावतात, कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते. नळाचे पाणी चांगले असते, बाटल्या विकत घेऊ नका. इटलीचे पुष्कळ किनारे छत्री-खुर्चीवाल्यांच्या ताब्यात आहेत, तिथे पैसे पडतात. ‘स्पियाज्जा लिबेरा’ अशी पाटी दिसली की तो मोकळा किनारा समजावा. आणि १२ ऑक्टोबर २०२५ पासून या देशांच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, उतरल्यावर थोडा जास्त वेळ धरावा.

परत आल्यावर मालकांना चॉकलेट दिले. आत्यांना तिथला साबण. फिटरच्या वडिलांना मोबाइलवर फोटो दाखवले. घरे, समुद्र, बोटी ते भराभर पुढे सरकवत गेले आणि एका फोटोवर थांबले. त्या गावांच्या डोंगरावर द्राक्षांसाठी पायऱ्या-पायऱ्यांची शेते आहेत आणि त्यांना नुसत्या दगडावर दगड ठेवून, चुना-माती न वापरता भिंती घातल्या आहेत. बाबांचे लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात गडगे घालण्यात गेले. त्यांनी फोटो मोठा करून मागितला, चष्मा पुसला.

‘हा कोपऱ्यातला दगड बघ,’ ते म्हणाले, ‘जाणत्याच्या हातचा आहे. पण इकडे पोट आलंय गडग्याला. पावसाळ्याआधी उतरवून परत लावायला पाहिजे. त्यांना कोणी सांगितलं का?’